वालूरचा पाव्हणा

२६ नोव्हेंबर

ही डायरी दवाखान्यातून मिळाली. आशा कार्यकर्तीने रोजचं काम लिहायचं, म्हणून घरभेटी, वजनं, गोळ्या, सह्या असे रकाने छापलेले आहेत. आज मी रकाने ओलांडून लिहिते आहे. रागासाठी रकाना नाही.

फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर. दिवाळीआधी रस्ता उकरला, खडी टाकली आणि ठेकेदार निघून गेला. खडीवर टायर फाटतात म्हणून एसटी फाट्यावरूनच परत वळते. लसीचा डबा खांद्याला आणि रजिस्टरं काखेत घेऊन आज दोनदा चालले. खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला. रामहरींना दाखवला. ते म्हणाले, "गिरणीत पोती उचलून बघ." नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे पोती आहेत.

गंगाखेडला बारावीला जाणाऱ्या तीन पोरी होत्या. दोघींनी नाव काढलं. परमेश्वरची शिवकन्या तेवढी रोज चालत फाटा गाठते. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर. घरी ती आणि आजी गोजरबाई.

आगारात अर्ज दिला. साहेब म्हणाले, रस्ता करा, गाडी देतो. सरपंच म्हणतात, गाडी आणा, रस्ता होतो.

३ डिसेंबर

दवाखान्यातली मीटिंग लांबली. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कललं होतं. थोडी चालले असेन, एक पांढरी गाडी शेजारी थांबली. काच खाली आली. तिशीतला माणूस.

"ताई, गावात जायलात का? मी तिकडंच चाललोय."

मी बसले नाही. आधी विचारलं, "कोणत्या गावचे?" अनोळखी गाडीत बसू नये, हे पोरींच्या बैठकीत मीच दर महिन्याला सांगते. आधी गाव विचारा, मग सोयरे विचारा. कोणाचा कोण ते कळल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका.

"वालूरचा," तो म्हणाला.

"वालूरला आमच्या जाऊबाईची मावळण दिलेली हाय."

"हो का. कोणाच्यात?"

"लिंबाजीच्यात. बाजाराच्या वाटंला माळवदाचं घर हाय बगा."

"लिंबाजी आबा? ते तर आमच्या भावकीतले."

"मग कमलबाईला ओळखत असचाल. तीच मावळण."

"कमलाकाकू. तिच्या हातचं खाऊन वाढलो म्हना."

"गुडघ्याचं कसं हाय तिच्या?"

"तसंच हाय. बसलं की उठवत न्हाई."

मग बसले. नाव माऊली. बियाण्याच्या कंपनीचं काम बघतो. खडीवरून गाडी हळू घेतली, डबा हलू नये म्हणून. बोलायला गोड. गावात घरं किती, विचारलं. दीडशे. यंदा तोडीला किती गेले? नवराबायको मिळून एक कोयता, असे एकोणीस कोयते गेले.

"मग लेकरं कोणाजवळ?"

कोणाचं कोणाजवळ ते सांगितलं.

"लेकी मोठ्या असल्या तर म्हाताऱ्या माणसांना घोरच की."

आमच्या सरपंचाला हा घोर एकदाही पडला नाही. परक्या गावच्या माणसाला पडला.

दारात सोडलं. चहा नको म्हणाला. "पुढच्या बारी, ताई."

९ डिसेंबर

माऊली फाट्यावर पुन्हा भेटला. शिवकन्या माझ्याबरोबरच एसटीतून उतरली होती. दप्तर पाठीला लावून चालायला लागली. मी हाक मारली.

"ये ग, बस."

"मी जाते चालत, आशाताई."

"पाय तोडायची हौस हाय का? बस. आपलेच पाव्हणे हायत, वालूरचे."

बसली, दाराला चिकटून. तो तिच्याशी बोलला नाही. मला विचारलं, कोणाची. मी सांगितलं, परमेश्वरची, आजी गोजरबाईजवळ राहते, आई राणीसावरगावची. पोरगी तिथल्या बन्सीधर किराणावाल्याची भाची.

"बन्सीधर मामा," तो म्हणाला. "देवमाणूस."

उतरल्यावर पोरगी म्हणाली, "आशाताई, मामाचं नाव आदी तुमीच घेतलं ना?"

"मग?"

"काही न्हाई."

"शंका परीक्षेत विचाराव्यात. माणसावर घेऊ नयेत."

हसली नाही. या पोरींना माणसं जोडता येत नाहीत. पुस्तकं वाचून वाचून वाळतात.

१७ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

दुपारी चारच्या सुमारास कालव्याच्या वाटेवरून फोन आला. कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. एक गाडी जोरात आली, दार उघडलं, पोरगी खाली पडली, गाडी थांबली नाही. पोरगी परमेश्वरची.

मी पळत गेले. उजवं मनगट सुटल्यासारखं लोंबत होतं. डावा गाल खरडलेला, त्यात खडी. शुद्धीवर होती. रुग्णवाहिका खडीमुळे फाट्यावर थांबली. बायांनी तिला खाटेवर तिथपर्यंत नेलं.

रुग्णवाहिकेत मी तिच्या गालातले खडे काढत होते. तेव्हा ती बोलली, हळू, सलग. ती फाट्यावर उतरली. तो थांबला होता. म्हणाला, गोजरबाईला चक्कर आली, आशाताई तिच्याजवळ बसल्यात, मला म्हणल्या पोरीला घेऊन या. तिच्याकडे फोन नाही, घरातला एकच फोन आईबापाबरोबर कारखान्यावर गेला. ती बसली. गाडी कालव्याकडे वळली तेव्हा तिने विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तिच्या दप्तरावर हात ठेवला. तिने दार ओढलं.

मी म्हणाले, "एकटी बसलीस कशाला ग? मी नव्हते ना गाडीत."

तिने डोळे मिटले. परभणी येईपर्यंत उघडले नाहीत.

का बसावं? डोकं आहे, बारावीपर्यंत शिकली. इतका राग मला पूर्वी कोणाचा आला नव्हता.

१९ डिसेंबर

हाताला प्लॅस्टर घालून तिला घरी आणलं. ठाण्यातले जमादार चौकशीला आले. गोजरबाईचं अंगण भरलं होतं. सगळ्यांना काम सोडून यायला वेळ मिळाला.

"कोण व्हता?" जमादारांनी विचारलं.

"वालूरचा म्हणाला. माऊली."

"म्हणाला आन् तू बसलीस."

"आजीला चक्कर आली म्हणाला."

"कोणीबी येऊन म्हणल. त्याचा भरोसा तुला कसा काय आला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. म्हातारीने पदर तोंडाला लावला.

जमादार गर्दीकडे वळले. "गावात कोणाच्या ओळखीचा हाय का हा? कोणाकडं येत-जात व्हता का?"

रामहरी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी नको म्हणून मान हलवली, जेमतेम दिसेल एवढी. मी गालाची पट्टी बदलत होते. माझं काम पट्टी बदलायचं होतं. ते मी केलं.

जमादारांनी तिला तीनदा विचारलं, कपडे कोणते घातले होते. तीनदा. जाताना म्हणाले, नुसत्या नावावर माणूस कुठं शोधायचा. असल्या माणसाच्या हाती तपास. घरी येऊन भांडी आपटली. रामहरी म्हणाले, "आपलं नाव त्यात यायचं कारण न्हाई." मी म्हणाले, मी कुठे काय बोलले.

२१ डिसेंबर

रामहरी जेवायला गेले होते, गिरणीवर मी बसले. नर्मदाबाई गहू घेऊन आली. शेजारची, तोंडाची सैल.

"पैल्या बारीला कोण बसतंय माय. आदीबी बसली व्हती म्हणं त्याच गाडीत."

"कोणी पाहिलं?"

"आता नावं कामून घेऊ."

"एकटी व्हती का तवा?"

"एकटीच आसंल की. असल्या टायमाला सोबत कोण नेतंय."

मी तिला बोलले. तुझ्या सुनेची दोन बाळंतपणं मी निभावली, तुझा मुलगा त्या दोन्ही दिवशी कुठं पडला होता ते गावाला सांगू का. जीभ आहे की चाबूक. ती गहू तसाच उचलून निघाली. रामहरी आले ते म्हणाले, "गिऱ्हाईक तोडायलीस."

बोलले खूप. घसा बसला. जे एक वाक्य बोलायचं होतं ते बोलले नाही.

२२ डिसेंबर

मागची पानं वाचली. ३ डिसेंबरचं दोनदा.

त्याने फक्त वालूर म्हटलं. लिंबाजी मी. कमलबाई मी. गुडघा मी. एकोणीस कोयते मी. तो हो म्हणाला, एवढंच.

जाऊबाईकडून नंबर घेऊन तिच्या आत्याला, कमलबाईला फोन लावला.

"माऊली? आमच्या भावकीत माऊली न्हाई कोणी. कामून ग?"

"सहज. गुडघा कसा हाय?"

"मागल्या साली आपरेशन झालं. आता माळवदावर चढती मी, पापड वाळू घालाया."

पान फाडायला हात गेला. फाडलं नाही. जमादारांना लागेल. लागणार नाही, मी देणारच नाही. दिलं तर आशाचं काम जाईल. कोणत्या घरात कोण अडली आहे, हे मग कोण बघणार. गावाचंच नुकसान.

वरच्या दोन ओळी वाचून स्वतःची किळस आली. खोडत नाही. राहू दे.

२५ डिसेंबर

परमेश्वर आला. एकटाच. बजरंग मुकादमाने त्याला चार दिवस सोडलं आणि बायकोला फडावर ठेवून घेतलं, परत येईल याची खात्री म्हणून. दंडावर पाचटाच्या रेघा. उंबऱ्यावर बसला. लेकीकडे बघत नव्हता. मी पट्टी बदलायला गेले होते, रामहरी मागोमाग आले.

"मामा स्थळ बघायलाय," परमेश्वर म्हणाला. "उन्हाळ्यात उरकतो. कॉलेज बास झालं."

"परीक्षा दीड महिन्यावर हाय, बाबा."

"कशानं लिहितीस? हात मोडून बसलीस."

"तवर निघतं प्लॅस्टर."

"ओळख न्हाई, पाळख न्हाई, बसलीस. दुसऱ्यांदा बसलीस म्हणं. फाट्यावर उतरलो तवा पैल्या माणसानं मला हेच सांगितलं. बापाला. हसून."

शिवकन्या खाली बघत होती. प्लॅस्टरच्या कडेचा धागा ओढत होती. आत्ता म्हणेल, मला वाटलं. आत्ता माझं नाव घेईल. तिने घेतलं नाही.

"पैल्या बारीला मी बसवलं तिला," मी म्हणाले. "मी गाडीत व्हते. आपलेच पाव्हणे म्हणून हाताला धरून बसवलं. ती न्हाई म्हणत व्हती."

रामहरी म्हणाले, "चल घरी."

"दुसऱ्यांदाबी तिनं माझंच नाव ऐकलं म्हणून बसली. आन् गोजरबाईचं नाव त्याला कुठून ठाऊक, तर माझ्याच तोंडून."

मग गोजरबाई बोलली, चुलीपाशी बसल्या जागेवरून.

"मला ठावं हाय. पोरीनं दवाखान्यातच सांगितलं. मीच म्हणलं, आशाबाईचं नाव घेऊ नगं. उद्या कोणाची लेक अडली, कोणाचं लेकरू तापलं, तर तिच्याच दारी जायचंय."

परमेश्वर उठला. मला वाटलं मारतो. त्याने ट्रेमधली पट्टी उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"म्हंजी रोज येऊन तुमी हिच्या गालाचं औषध करत व्हता, आन् हिचं तोंड बघत व्हता."

मी ट्रे उचलून बाहेर पडले.

घरी आले. अंग जळत होतं. राग परमेश्वरचा नाही. गोजरबाईचा आला. कोणी सांगितलं होतं मला वाचवा? म्हातारीने आणि सतरा वर्षांच्या पोरीने मला पदराखाली घेतलं, आणि मी आत जाऊन बसले. आठ दिवस बसले.

२७ डिसेंबर

ठाण्यात गेलो. परमेश्वर, शिवकन्या, मी. रामहरी आले नाहीत. निघताना म्हणाले, "आता परत आलीस तरी तेच घर समजू नको." समजलं नाही त्यांना काय म्हणायचंय. विचारलंही नाही.

जमादारांनी कागद पुढे ओढला.

"मॅडम, तुमी सरकारी कामातल्या बाई. त्या दिशी मुक्या व्हता का?"

"हो."

त्यांनी वर पाहिलं. मग लिहायला लागले. नाव, गाव, गाडीचा रंग. नंबर? मला आठवेना. पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं वजन मला पाठ आहे. दोनदा ज्या गाडीत बसले तिच्या नंबरातला एक आकडा सांगता आला नाही. चेहरा सांगितला. उजव्या भुवईतली खोक सांगितली. डायरीतल्या दोन दिवसांच्या पानांची झेरॉक्स दिली.

जमादार वाचत गेले. "अहो, ही तर गावाची खानेसुमारी हाय. घर, माणसं, लेकीबाळी, कोण कोणाजवळ. एवढं तर तलाठ्याकडं न्हाई."

शिवकन्या शेजारच्या बाकावर होती. सगळं ऐकलं. तिने हात पुढे केला, डावा. "मला बघू द्या." जमादारांनी कागद दिले. तिने दोन्ही तारखा वाचल्या. सावकाश. मी तिच्याविषयी लिहिलेलंसुद्धा. वाळतात, ते.

कागद परत दिले.

एसटीत ती पुढे बसली, बापाजवळ. मी मागे.

१२ जानेवारी

दुसऱ्या तालुक्यातल्या ठाण्यातून आमच्या जमादारांना फोन आला. तिकडे अशीच फिर्याद आहे. नाव वेगळं, गाव वेगळं, गाडी पांढरी, भुवईत खोक. तो सापडला नाही. तिथल्या पोरीचं काय झालं ते जमादारांनी मला सांगितलं नाही. मी विचारल्यावर खिडकीबाहेर बघितलं.

नर्मदाबाईने घरभेटीत दार अर्धंच उघडलं. "आमच्यात कोणी गरवार न्हाई," म्हणाली. सून मागे उभी होती, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. दवाखान्यात माझ्याविरुद्ध अर्ज गेला आहे. खाली एकवीस सह्या. त्यातल्या नऊ जणींना सही करायला मीच शिकवलेलं.

आज शाळेत बैठक घेतली. पोरींना म्हणाले, "गाव विचारू नका. सोयरे सांगू नका. तो तुमच्या आईचं नाव घेऊ दे, माझं नाव घेऊ दे, बसू नका." मुख्याध्यापकांनी बाहेर बोलावलं.

"ताई, एकमेकाला ओळखून राहतो आपण. तुम्ही माणुसकी मोडायला निघालात."

"मोडू द्या," मी म्हणाले.

असं मी यापूर्वी कोणाला बोलले नव्हते. पश्चात्ताप झाला नाही.

परमेश्वर चार दिवस संपताच परत गेला होता. जाण्याआधी माझ्या दारात आला होता, आत नाही. "परीक्षा दिऊ दे म्हणती. रोज फाट्यावर तुमीच न्यायचं, तुमीच आणायचं. कारखाना सोडून मला येता येत न्हाई. तिला काही झालं तर मी तुमच्याच दारात येईन." स्थळाचं काय, मी विचारलं. म्हणाला, ते तुमी इचारू नका.

२ फेब्रुवारी

प्लॅस्टर निघालं. बोटं अजून पुरती वळत नाहीत. एका पानाला ती इतर पोरींच्या दुप्पट वेळ घेते, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मला ती काही सांगत नाही.

सकाळी सात वाजता ती घराबाहेर पडते. मी तिच्या मागे वीस पावलांवर. पहिल्या दिवशी मी जवळ गेले तर ती थांबली आणि मी मागे सरेपर्यंत चालली नाही. तेव्हापासून वीस. खडी तशीच आहे. संध्याकाळी एसटीतून उतरते, मी फाट्यावर उभी असते. ती माझ्याकडे न बघता चालू लागते. बरं आहे. चालताना मान वर असते तिची. वाटतं, रागानेच ती इतकी ताठ चालते. मलाही तसं चालता आलं पाहिजे.

आज परतताना मागून जीप आली. तिच्याशेजारी थांबली. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी.

"परमेश्वरची ना ग तू?"

ती चालत राहिली. जीप बरोबरीने.

"मी पेडगावचा. तुझ्या बापाच्या मुकादमाचा, बजरंगचा साडू. बस, सोडतो. मागच्या बाईलाबी घिऊ."

"न्हाई."

"अगं, हात दुखत असंल तुझा. बापाला कळलं मी सोडून गेलो तर काय म्हणंल."

"काका, तुमी कोणाचेबी असा. गाडी पुढं घ्या."

त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तरी सांगा की तिला. माणूसबी वळखंना व्हय."

तो खरंच बजरंगचा साडू आहे. बजरंगच्या पोरीच्या लग्नात मी त्याच्या बायकोच्या पंगतीला बसले होते. त्यानेही मला ओळखलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

शिवकन्या थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मी ओळख देते का ते.

मी खाली बघत राहिले.

"काय गाव झालंय," तो म्हणाला. जीप गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. मग ती चालायला लागली. वीस पावलं जाऊ दिली आणि मी निघाले.